मेणबत्ती जळतेय म्हणून टाकीत उतरू नका

मे महिना आला की नालेसफाई, विहिरीतला गाळ, सोसायटीची सेप्टिक टाकी अशी कामं निघतात आणि दरवर्षी तोच मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला तीन ग्रुपवर आला. त्यात लिहिलंय: "झाकण अर्धा तास उघडं ठेवा. दोरीला मेणबत्ती बांधून आत सोडा, जळत राहिली तर बिनधास्त उतरा. तोंडाला ओला रुमाल बांधा. वास वाढला तर लगेच वर या. आतला माणूस बेशुद्ध पडला तर वेळ न घालवता दुसऱ्याने उतरून त्याला काढा."

बंदिस्त जागेत माणूस उतरण्याआधी त्याचं परमिट तपासून सही करणं हे माझं रोजचं काम आहे. मेसेज पुढे ढकलणाऱ्यांच्या मनात काळजीच असते, हे मला माहीत आहे. पण यातली एकेक ओळ माणसाचा जीव घेऊ शकते.

आधी मेणबत्ती. आपल्या भोवतीच्या हवेत 20.9 टक्के ऑक्सिजन असतो. 19.5 च्या खाली गेला की आम्ही माणूस आत सोडत नाही. मेणबत्ती मात्र साधारण 16 टक्क्यांपर्यंत जळत राहते. तोवर माणसाला धाप लागलेली असते, हातपाय नीट चालत नाहीत. तरी ऑक्सिजनची गोष्ट त्यातल्या त्यात सोपी. सेप्टिक टाकीत आणि गटारात माणसं मारतो तो मुख्यतः हायड्रोजन सल्फाइड. त्याचं प्रमाण दहा लाख भागांत किती, असं मोजतात, म्हणजे पीपीएम. 500 ते 700 पीपीएमला माणूस काही मिनिटांत कोसळतो, हजाराच्या आसपास एकदोन श्वासांत. आता 500 पीपीएम म्हणजे टक्केवारीत 0.05. एवढ्याशा वायूने मेणबत्तीची ज्योत हलतही नाही. ती ऐटीत जळत असते आणि तिच्या भरवशावर माणूस शिडीवरून खाली जातो. शिवाय टाकीत मिथेनही असतो. हवेत तो 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीने भडकतो, आणि आपण पेटती वात दोरीला बांधून स्वतःच्या हाताने आत सोडतोय.

"वास वाढला तर वर या" हे तर आणखी फसवं. सडक्या अंड्यासारखा तो वास 1 पीपीएमच्या आतही जाणवतो हे खरं. पण 100 पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत नाकच बधिर होतं. वास गेला, म्हणून आतल्याला वाटतं हवा सुधारली. प्रत्यक्षात ती बिघडलेली असू शकते.

ओल्या रुमालाबद्दल फार लिहीत नाही. रुमाल ऑक्सिजन तयार करत नाही आणि हा वायू अडवतही नाही. बाजारात मिळणारा डबीचा मास्कसुद्धा ऑक्सिजन कमी असलेल्या जागी निरुपयोगी ठरतो. तिथे बाहेरून नळीने येणारी हवा लागते, नाहीतर पाठीवर हवेचं सिलिंडर.

झाकण उघडं ठेवणं चांगलंच, पण तेवढ्यावर भागत नाही. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तो तळाशी बसून राहतो. आणि बराचसा तर गाळातच अडकलेला असतो. एका सांडपाण्याच्या खड्ड्यावर आम्ही वायू मोजायच्या मीटरची नळी खाली सोडली होती. वर शून्य, मध्ये शून्य, तळाशी 2 पीपीएम. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "साहेब, आता तरी सही करा." मी त्याला लांब बांबूने वरूनच गाळ ढवळायला सांगितला. चारपाच वेळा ढवळला असेल, मीटर किंचाळायला लागला. आकडा 10 वरून 40, मग 90 च्या पुढे. तो पोरगा बांबू तसाच हातात धरून मीटरकडे बघत उभा राहिला. माणूस आत उतरून फावडं मारतो तेव्हा नेमकं हेच त्याच्या नाकाखाली घडतं. म्हणून ब्लोअरचा पाइप तळापर्यंत न्यायचा, ताजी हवा सतत सोडत राहायची आणि माणूस आत असेपर्यंत मीटर त्याच्या छातीपाशी चालू ठेवायचा. ब्लोअर कुठे ठेवता तेही बघा. टँकरचं इंजिन शेजारीच धडधडत असतं आणि ब्लोअर त्याचाच धूर ओढून आत सोडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आता ती शेवटची ओळ. सगळ्यात जास्त माणसं हिनेच जातात.

9 एप्रिल 2024, गुढीपाडव्याचा दिवस. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीसाठी वापरात असलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पाच जण गेले. सहावा वाचला, त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता. त्याच दिवशी विरारमध्ये एका गृहसंकुलाच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्रात चार कामगार गेले. अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षा संस्थेने 1986 साली बंदिस्त जागांतल्या मृत्यूंबद्दल सांगितलं होतं की मरणाऱ्यांत 60 टक्क्यांहून जास्त माणसं दुसऱ्याला वाचवायला गेलेली होती.

भाऊ डोळ्यांसमोर पडलेला असताना काठावर थांबणं कुणालाच जमत नाही. मलाही जमेल याची खात्री नाही. म्हणूनच हा निर्णय त्या क्षणावर सोडायचा नसतो, काम सुरू होण्याआधीच जागा आखून घ्यायची असते. टाकीच्या तोंडाभोवती दोरी किंवा बॅरिकेड लावून आतलं वर्तुळ ठरवायचं. त्यात फक्त उतरणारा आणि काठावरून नजर ठेवणारा स्टँडबाय, दोघांच्याही अंगावर हार्नेस, म्हणजे सुरक्षेचा पट्टा. तिवई, विंच आणि आतल्याच्या हार्नेसला लावलेली दोरी तिथेच. त्याबाहेरच्या पट्ट्यात वर आलेल्याचे कपडे, बूट, अवजारं धुवायची, ते तसेच घरी न्यायचे नाहीत. त्याच्याही बाहेर टँकर, पाणी, बाकीची माणसं आणि वॉचमनसुद्धा, वारा पाठीशी घेऊन. स्टँडबायने एकच काम करायचं: दोरी आणि आतल्या माणसावर लक्ष ठेवायचं. त्याने चहा आणायला जायचं नाही, आणि काहीही झालं तरी स्वतः उतरायचं नाही. आतला उत्तर देईना, तर विंच फिरवून त्याला वर ओढायचं. हार्नेस आधीच घातलेला असेल तर हे मिनिटाभराचं काम आहे. नसेल, तर ते अग्निशमन दलाचं काम आहे.

"हे सगळं मोठ्या कंपन्यांचं, आपल्याला कुठे परवडतं" असं या मेसेजखाली कुणीतरी लिहिलंच होतं. बाहेर दोरी धरून माणूस उभा करायचा, हे 1948 च्या कारखाने कायद्याच्या 36व्या कलमात लिहिलेलं होतं. आतली हवा सक्षम व्यक्तीने स्वतः तपासून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर श्वसनयंत्र आणि बाहेर धरलेली दोरी असल्याशिवाय उतरवायचं नाही, हेही तिथेच. गटार आणि सेप्टिक टाकीत सुरक्षा साधनांशिवाय माणूस उतरवणं हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणाऱ्या 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 2 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये गटारातल्या मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. सोसायटीच्या सेक्रेटरींनी हे आकडे सक्शन टँकरच्या बिलाशेजारी ठेवून बघावेत. टँकरने काम होतंय तिथे माणूस उतरवायचं कारणच नाही.

आणि कुठे कुणी आत पडलेला दिसलाच, तर 101 किंवा 112 लावा आणि "टाकीत वायू आहे, माणूस आत आहे" असं स्पष्ट सांगा, म्हणजे ते श्वसनयंत्र घेऊन निघतील. ब्लोअर असेल तर लांबूनच पाइप आत सोडून चालू करा. ऑक्सिजनचं सिलिंडर आत सोडू नका, त्याने आग भडकते. काडी, बिडी, गाडी सगळं लांब. दोघातिघांनी हात धरून कडं करा आणि नातेवाइकांना तोंडाजवळ येऊ देऊ नका. ते शिव्या देतील, धक्के मारतील, तरी सोडू नका. एकाला गल्लीच्या तोंडाशी उभं करा, बंबाला वाट दाखवायला.