आमचा मूळपुरुष आणि त्याचं चुकलेलं जहाज

आमचा मूळपुरुष लिस्बनहून जहाजानं आला, असं मोठ्या काकांचं ठाम मत आहे. पुरावे म्हणजे परेरा हे आडनाव, काकांचे स्वतःचे घारे डोळे आणि दुपारी दोन तास झोपायची घराण्याची सवय. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज चंबूगबाळं आवरून गेले, मग आपलाच माणूस मागे कसा राहिला, असं विचारलं की काका शांतपणे म्हणतात, "झोपला असेल."

एवढ्यावर भागलं असतं. पण गोव्यातल्या कुणा मित्रानं पोर्तुगीज पासपोर्ट काढल्याचं काकांच्या नातवाला कळलं, आणि घराण्याचा इतिहास कागदावर आणायचं काम, मी नुकताच रिटायर झालोय एवढ्या एका पात्रतेवर, माझ्या गळ्यात पडलं. गोव्यात 1961 पर्यंत त्यांचं राज्य होतं बाबा, आपण 222 वर्षं आधीच सुटलोय, हे मी त्याला समजावलं. "ट्राय करायला काय जातंय?" तो म्हणाला. त्याचं काहीच जात नव्हतं.

सुरुवात चर्चपासून केली. लग्नांची नोंद ठेवायचा हुकूम ट्रेंटच्या धर्मसभेनं 1563 सालीच काढलेला, त्यामुळे नियम भलताच जुना. वह्या मात्र एकोणिसाव्या शतकापासूनच्या. त्याआधीच्या वाळवीनं वाचून संपवल्या असाव्यात. कुठे पोर्तुगीज, कुठे लॅटिन, आणि अक्षर असं की लिहिणाऱ्या पाद्रीला त्या दिवशी ताप असावा. गावात आडनावं चार-पाच. प्रत्येक तिसरी मुलगी मारिया, आणि प्रत्येक मारियाचा बाप पास्कू. 1908 पासून बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी समासात लग्नही टिपायचा दंडक आला, म्हणून त्यापुढची माणसं निदान धाग्यानं बांधलेली सापडतात. त्याआधीचा प्रत्येक पास्कू सुटा फिरतो.

फादर भला माणूस. त्यानं चहा पाजला आणि सहज म्हणाला, "आडनावावर जाऊ नका हं. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं नाहीतर धर्मपित्याचं आडनाव लावायचे पूर्वी." काकांचं ब्लडप्रेशर लक्षात घेऊन हे वाक्य मी घरी नेलंच नाही.

मग तलाठी. चर्चला माणूस कधी जन्मला ते ठाऊक असतं, तलाठ्याला तो कुणाशी भांडला ते. आमच्या वाडीच्या सातबाऱ्यावर मयत माणसं जिवंतांपेक्षा जास्त, आणि सगळ्यांचा जीव एका बावखलात अडकलेला. पावसाचं पाणी साठवणाऱ्या त्या डबक्यातला हिस्सा आण्या-पैत लिहिलेला आहे, आणि आमच्या वाट्याला जेवढे पै येतात तेवढ्यात एक म्हैस नीट बसणार नाही. पणजोबांच्या नावापुढचं 'ए. कु. मॅ.' वाचून नातू हरखला. "ही पोर्तुगीज पदवी दिसतेय!" एकत्र कुटुंब मॅनेजर, असं मी सांगितल्यावर त्याचा चेहरा पडला. खरं तर आमच्या कुटुंबाचं मॅनेजर होणं ही कुठल्याही दरबारातल्या पदवीपेक्षा अवघड गोष्ट आहे, पण त्याला पासपोर्ट मिळत नाही.

जुने फेरफार मोडीत. ते वाचायला एक रिटायर्ड मास्तर गाठले, जे पानाचे पैसे घेतात आणि ओळीला एक चहा. चर्चमधला जोआनेस, घरातला जुआंव आणि फेरफारातला 'जान बिन पास्कू' हा एकच इसम असल्याचं ठरवता ठरवता मास्तरांची ॲसिडिटी वाढली. अखेर त्यांनी एका नोंदीवर बोट ठेवलं. खातेदार मयत, मुलगा नाही, वारस मुलगी अमुक कोम जान, म्हणजे जानची बायको. थोडक्यात, जमीन बायकोची. मी लग्नाची वही पुन्हा उघडली. नवरा मुलगा परगावचा, हे खरंच होतं. गाव आगाशी.

आमच्या दारातून आगाशीला चालत निघालं तर घाम फुटायच्या आत माणूस पोचतो. मूळपुरुष आला होता तो घरजावई म्हणून.

कागद काकांपुढे ठेवले. त्यांनी चष्मा लावून वाचले, काढून वाचले.

"वाडी बाईची?"

"हो."

"बावखल?"

"तेही."

स्वयंपाकघरातून काकूंचं हसू ऐकू आलं. त्या पन्नास वर्षं हेच सांगत होत्या म्हणे, फक्त कागदाशिवाय.

काकांनी डोळे मिटले. मला वाटलं, घराण्याच्या रिवाजाप्रमाणे झोपले. पण ते विचार करत होते.

"मग बाई पोर्तुगीज असणार," ते म्हणाले. "माझे डोळे तिच्याकडूनच आले. तिच्या आईचा बाप्तिस्मा शोध."

आईचं नाव वहीत आहे. मारिया, बाप पास्कू.