मुसळी बोरिवलीची, पण फक्त बोरिवलीची नव्हे

पहिला पाऊस पडला की व्हॉट्सअ‍ॅपवर हा मजकूर फिरू लागतो: ‘सफेद मुसळी हे गवत जगात फक्त बोरिवलीच्या जंगलात उगवतं, म्हणून त्याचं नाव बोरिविलिॲनम. घरातला स्पायडर प्लँट तो हाच. पावसानंतर ते मरतंच, तेव्हा दिसलं की मुळासकट उपटून आणा.’ शेवटच्या वाक्यामुळे गप्प बसवत नाही.

आधी नावाचं बघू. क्लोरोफायटम बोरिविलिॲनम हे नाव सांतापाऊ आणि फर्नांडिस यांनी १९५५ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात दिलं. बोरिवलीचं नाव लागलं याचा आपल्याला अभिमान असावाच. पण नावात गाव आलं म्हणून सातबारा त्या गावचा होत नाही. ही मुसळी महाराष्ट्राबरोबर गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या जंगलांतही मूळचीच आहे.

ती गवतही नाही. पानं लांब, समांतर शिरांची, म्हणून फुलं येईपर्यंत फसायला होतं. मग दांड्यावर सहा पाकळ्यांची पांढरी फुलं येतात, पिवळ्या पुंकेसरांची. गवताला अशी फुलं नसतात. हिचं कुळ शतावरीचं. जूनमध्ये आपण जी फोडशीची भाजी आणतो, तीही याच क्लोरोफायटमच्या गोतावळ्यातली.

स्पायडर प्लँट हिची आफ्रिकेतली चुलत बहीण. प्रजाती (जीनस) क्लोरोफायटम एकच, जात (स्पीशीज) वेगळी. त्याच्या लोंबत्या दांड्यांना पिल्लं फुटतात, मुसळीला नाही.

आता त्या ‘मरतंच’बद्दल. पाऊस ओसरला की पानं पिवळी पडून वाळतात, हे खरं. पण जमिनीखाली बोटांसारख्या मांसल मुळ्यांचा झुबका जिवंत असतो आणि पुढच्या पावसात त्याच्याच माथ्यावरून कोंब येतो. ही बहुवर्षायू वनस्पती आहे. औषधासाठी नेमक्या याच मुळ्या खणल्या गेल्या, म्हणून ती रानातून विरळ झाली. औषधाला लागणारी मुसळी आता शेतातही पिकते, त्यासाठी जंगलात शिरायची गरज नाही. शिवाय बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून झाड उपटणं कायद्यानं मना आहे.

फोडशीच्या जुडीत बघा: पानं आणि पांढरा बुडखा, मुळ्या नाहीत. पानं खुडली तर मुळी मातीत राहते.