'मरणाऱ्यांवर खर्च कशाला?' म्हणणाऱ्यांना

'निर्वासितांच्या छावणीत आधी जीव वाचवा. जे जाणारच आहेत त्यांच्या वेदनाशमनावर पैसा घालणं ही चैन. वर मॉर्फिन दिलं की व्यसन लागतं. आणि घरचे बघतातच की.' हा मजकूर इतक्यांदा फॉरवर्ड झालाय की समजूतदार माणसंही मान डोलावतात.

'जाणारच आहेत' म्हणजे कोण? ऑगस्ट 2017 पासून सात लाखांहून जास्त रोहिंग्या म्यानमार सोडून बांगलादेशात कॉक्स बाजारला आले. त्याच नोव्हेंबरात तिथल्या 156 गंभीर आजारी माणसांची पाहणी झाली, तर 62 टक्के लोकांना लक्षणीय वेदना होत्या. अर्धांगवायू झालेला, कण्याला मार लागलेला माणूस वर्षानुवर्षं जगतो. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारातला त्रास आणि वेदना कमी करणारी देखभाल, त्याचीही असते.

आता चैन. बांबू-ताडपत्रीच्या एका खोलीत सगळं घर झोपतं. अशा ठिकाणी कर्करोगाची जखम चिघळली की वासानं कुणी जवळ फिरकत नाही. त्यावर उपाय काय, तर मेट्रोनिडाझोल या जंतुविरोधी औषधाची गोळी कुटून पूड जखमेवर भुरभुरायची. वास कमी होतो, शेजारीण पुन्हा आत येऊन टेकते. याला चैन म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

व्यसनाची भीती आपल्या चांगल्या ओळखीची. 1985 च्या अमली पदार्थ कायद्यानंतर आपल्याकडे कर्करोगाच्या रुग्णालाही मॉर्फिन मिळेना, शेवटी 2014 मध्ये कायदा दुरुस्त करावा लागला. वेदनेच्या मापानं, देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनचा रोजचा त्रास वेगळाच असतो: बद्धकोष्ठ! म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध देतात. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानं 2017 मध्ये हिशेब मांडला होता: जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या 298.5 टन मॉर्फिनसदृश औषधांपैकी सर्वांत गरीब देशांच्या वाट्याला येतात 0.1 टन. तिथे दुखणं आहे, औषध नाही.

'आधी जीव' म्हणणाऱ्यांनी संकटकाळातल्या मदतकार्यात वेदनाशमन कसं सामावून घ्यायचं, यावरची जागतिक आरोग्य संघटनेची 2018 ची मार्गदर्शिका चाळावी. जीव वाचवणं आणि वेदना शमवणं ही कामं तिथे एकमेकांविरुद्ध उभी केलेली नाहीत.

राहिलं 'घरचे बघतात'. बघतात, हे खरंच. पण बघणारी तीच बाई टेकडी उतरून पाणी आणते, रेशनच्या रांगेत उभी राहते, चिखलातून वर येते आणि रात्री दर दोन तासांनी नवऱ्याची कूस बदलते. कूस बदलताना पाठीखाली हात कुठे घालायचा, हे तिला कुणीतरी एकदा करून दाखवायला नको?