‘एकही गोळी न झाडता’ मराठवाडा सुटला नाही

सतरा सप्टेंबर, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन, जवळ आला की एक मेसेज दरसाल फिरतो. यंदा तो आमच्या उमरगा तालुक्यातल्या एका शाळेत पोरांना भाषणासाठी छापून दिलेला पाहिला, म्हणून लिहायला बसलो. त्याचा सारांश असा: जनरल जयंतनाथ चौधरींनी स्वतः योजना आखली, एकही गोळी न झाडता चार दिवसांत निजाम नमवला, बाकीचे सगळे फुकटचं श्रेय घेणारे, आणि याच सेनापतीचे हात सरकारने ६५ साली पाकिस्तानच्या युद्धात बांधले, नाहीतर लाहोर आपलं होतं.

चौधरी मोठे सेनानी होते, यात वाद नाही. सँडहर्स्टला शिकलेले, दुसऱ्या महायुद्धात आफ्रिकेत आणि ब्रह्मदेशात लढलेले. १८ सप्टेंबर १९४८ ला निजामाच्या फौजेचे प्रमुख अल इद्रूस शरण आले ते त्यांच्यापुढेच. पण योजना त्यांची नव्हती. सोलापूर आणि बेझवाडा (आजचं विजयवाडा) अशा दोन बाजूंनी शिरायचं, हा मूळ आराखडा लष्कराच्या दक्षिण विभागाचे प्रमुख गोडार्ड यांनी केला होता. मोहीम झाली तेव्हा त्या जागी राजेंद्रसिंहजी होते. सोलापूरकडून आलेल्या चिलखती तुकड्या चौधरींच्या हाताखाली होत्या. औरंगाबाद घेतलं ते मेजर जनरल ब्रार यांच्या फौजेने.

‘एकही गोळी न झाडता’ हे वाक्य तर नळदुर्गच्या पुलावर उभं राहून म्हणून दाखवावं. १३ सप्टेंबरच्या पहाटे बोरी नदीवरचा तो पूल भारतीय फौजेने अखंड हाती घेतला. तो उडवून द्यायला निजामाकडून एक इंग्रज माणूस नेमलेला होता, तो पकडला गेला. पूल पडला असता तर सोलापूर-हैदराबाद रस्ता तिथेच तुटला असता, तोही ऐन पावसाळ्यात. त्यानंतर किल्ल्याजवळच्या निजामी फौजेच्या मोर्च्यांवर शीख पलटण चढून गेली. त्याच सकाळी तुळजापुरात दोनेकशे रझाकार (निजामाच्या बाजूचे सशस्त्र स्वयंसेवक) आणि हैदराबादी शिपाई दोन तास लढले. लोहाऱ्याकडे निघालेली तुकडी नदीच्या पुराने अडली. उमरग्यात दुपारी फौज पोचली तेव्हाही चकमक झाली. धाराशिवात गल्लीबोळांतून लढाई झाली, जालन्यालाही कडवा प्रतिकार झाला. नाव ‘पोलीस ॲक्शन’ होतं, म्हणून ती पोलिसांची फेरी होत नाही. मेलेल्या जवानांना लागलेली गोळी आपण मेसेजमध्ये पुसून टाकतो, याचा मला राग येतो.

‘बाकीचे श्रेय घेणारे’ हे तर सगळ्यात जास्त लागलं. १९३८ च्या सत्याग्रहापासून निजामाविरुद्धच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात जात होते. १५ ऑगस्ट १९४७ ला देश झेंडे लावत होता, तेव्हा स्वामीजींना निजामाने पुन्हा पकडलं. गोविंदभाई श्रॉफ, अनंत भालेराव यांच्यासारख्यांनी ऐन उमेदीची वर्षं या लढ्याला दिली. सरहद्दीवरच्या कॅम्पांतून पोरं आत येऊन करोडगिरीची, म्हणजे जकातीची, नाकी जाळत होती. नांदेड जिल्ह्यातल्या उमरीची बँक लुटली, ती लढ्याला पैसा उभा करण्यासाठी. फौज यायच्या आधी वर्षभर निजामाचा अंमल खेड्यापाड्यांत खिळखिळा केला तो या माणसांनी.

६५ चं थोडक्यात. आंतरराष्ट्रीय सीमा ओलांडायची परवानगी शास्त्रीजींनीच दिली होती. लढाई आणखी चालवता येईल का, असं त्यांनी विचारलं तेव्हा दारूगोळा बहुतेक संपत आला, असं सांगणारे सेनाप्रमुख चौधरीच. पुढे हिशेब निघाला तेव्हा जेमतेम १४ टक्के वापरला गेला होता. पंजाबातल्या बियास नदीच्या मागे हटायचा सल्ला त्यांनी दिला, असं तेव्हाचे पश्चिम विभागाचे लष्करप्रमुख हरबक्षसिंग यांनी लिहून ठेवलंय. त्यावर वाद आहे. गणवेशात असताना ‘स्टेट्समन’मध्ये ते निनावी लष्करी वार्ताहर म्हणून लिहीत, हाही वादाचाच विषय.

मेसेज १७ सप्टेंबरला थांबतो. चौधरी मात्र त्यानंतर वर्षाहून अधिक काळ हैदराबादचे लष्करी गव्हर्नर होते. १९४९ मध्ये जहागिऱ्या संपवणारा कायदा त्यांच्याच काळात झाला, हे त्यांचं मोठं काम आणि मेसेजमध्ये त्याचा शब्द नाही. तसाच शब्द नाही तो ॲक्शननंतरच्या कत्तलींचा. केंद्राने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार माणसं गेल्याचा अंदाज दिला, बहुतेक मुसलमान. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. रझाकारांनी हिंदूंवर केलेले अत्याचारही त्या अहवालात आहेत. तो कित्येक दशकं दाबून ठेवला गेला.

माझी आजी ‘रझाकारीत’ आणि ‘ॲक्शनमध्ये’ अशाच दोन शब्दांत तो काळ मोजायची. रझाकारीत घरातली ज्वारी पेवात पुरली, वरून कडब्याची गंज रचली. तेव्हा शेजारच्या तांबोळ्याच्या बायकोने तिला दोन रात्री आपल्या माळवदाच्या घरात लपवलं होतं. ॲक्शनमध्ये त्या घराला कुलूप लागलं. मी लहान असताना तिने मला ते दार दाखवलं होतं. कडीला गंज चढला होता, आणि ती माणसं कुठे गेली असं विचारल्यावर आजी पदराने तोंड पुसत पुढे चालत राहिली.