खुलासा : एएचएलचा संघ तळाला, म्हणून नवे खेळाडू कच्चे?

एनएचएल ही उत्तर अमेरिकेतली आईस हॉकीची सर्वोच्च लीग. एएचएल ही तिच्या खालची, जिथे एनएचएल क्लब आपले खेळाडू घडवतात. 'एनएचएल क्लबचा एएचएल संघ गुणतक्त्यात तळाला आहे, म्हणजे त्या क्लबकडे होतकरू खेळाडूच नाहीत,' असा दावा आईस हॉकीच्या चाहत्यांत फिरतो आहे. तो चुकीचा आहे.

ड्राफ्ट केलेले (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत क्लबने हक्क मिळवलेले) १८-१९ वर्षांचे बरेच खेळाडू एएचएलमध्ये नसतातच. ते कॅनडाच्या ज्युनिअर लीगमध्ये, अमेरिकी कॉलेजांत किंवा स्वीडन-फिनलंडमध्ये खेळत असतात. एएचएलच्या विजयांत अनुभवी खेळाडूंचा वाटा मोठा. नियमानुसार गोलकीपर सोडून १८ जणांत किमान १३ 'डेव्हलपमेंट' (ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त सामने न खेळलेले) खेळाडू लागतात. पण त्यांतल्या १२ जणांना २६० व्यावसायिक सामन्यांपर्यंत मुभा आहे. म्हणजे पंचविशीतला गडीही त्यात बसतो! म्हणून आधी वय बघा. वीस वर्षांच्या पोराचे ४० गुण (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) २७ वर्षांच्या खेळाडूच्या ६० गुणांपेक्षा बहुधा जास्त बोलके असतात. मग पॉवर प्लेचे (प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असतानाचे) गुण वेगळे काढा. वरच्या, म्हणजे एनएचएलच्या संघात पॉवर प्लेमधली जागा नव्या खेळाडूला सहसा मिळत नाही. डिफेन्समन पेनल्टी किलला (आपलाच खेळाडू शिक्षेमुळे बाहेर असताना बचावाला) उतरतो का, हेही पाहा.

'वर बोलावलं नाही, म्हणजे क्लबने नाद सोडला' हेही खरं नाही. वेव्हर्समधून (खाली पाठवण्याआधी खेळाडू इतर क्लबांना घेऊ देण्याच्या नियमातून) सूट असलेल्या तरुणाला क्लब निर्धास्तपणे खाली ठेवतो. सूट संपलेल्याला खाली पाठवायचं तर २४ तास तो इतर क्लबांपुढे खुला होतो. त्यामुळे कमी चांगला खेळाडू वर टिकलेला दिसतो, तो अनेकदा एवढ्याच कारणाने.