दुखणं अंगावर काढण्याची कला

दुखणं अंगावर काढायला फार काही लागत नाही. ‘बरं वाटतंय’ म्हणजे बरे झालो, एवढं एकदा पक्कं धरा. पुढचं जंतू बघून घेतात.

सुरुवात फ्लूने करा. विषाणू आत शिरल्यापासून कणकण यायला 1 ते 4 दिवस लागतात, पण तो काही तुमच्या कणकणीसाठी थांबत नाही. घशातल्या पेशीत शिरला की काही तासांत तिथून नवी पिलावळ बाहेर पडते आणि लक्षणं दिसायच्या साधारण 1 दिवस आधीच तुमच्याकडून वाटप सुरू होतं. राहिलेल्या भेटीगाठी त्याच ठणठणीत दिवशी उरका! पुढचे 3-4 दिवस तर वाटपाचा ऐन हंगाम. ताप आला तर गोळी घेऊन कामावर जा. गोळी ताप उतरवते, विषाणूच्या केसालाही धक्का लावत नाही. खिडक्या मात्र घट्ट लावून घ्या, कारण शिंकेतले मोठे थेंब जवळच खाली पडतात, पण बारीक कण बंद खोलीत छान तरंगत राहतात. आणि शिंकायचं ते तळहातात. कोपरात शिंकून काय उपयोग? कोपराने कोणी हस्तांदोलन करत नाही.

गोवराला एवढेही कष्ट नकोत. पुरळ उठायच्या 4 दिवस आधीपासून तो पसरतो आणि तेव्हा दिसतं काय, तर ताप, नाक गळणं, लाल डोळे. ‘साधी सर्दी आहे’ म्हणायला पूर्ण वाव. तुम्ही खोलीतून निघून गेलात तरी विषाणू 2 तासांपर्यंत हवेत तुमची जागा राखतो. लस घेतलेले लोक तेवढे रंगाचा बेरंग करतात.

उलट्या-जुलाब नोरोव्हायरसचे असतील तर थांबल्याबरोबर सगळ्यांसाठी स्वयंपाकाला लागा. तो विष्ठेतून नंतरही कित्येक दिवस पडत राहतो आणि मोजके कण पोटात गेले तरी पुरतात. हाताला सॅनिटायझर खुशाल चोळा. या विषाणूला चरबीचं आवरणच नाही, त्यामुळे अल्कोहोलचं त्याच्यापुढे फारसं चालत नाही. साबण-पाण्याने मात्र तो धुऊन जातो, तेव्हा नळाकडे फिरकू नका.

खरी कसोटी क्षयाची. नेहमीच्या उपचारात 6 महिने गोळ्या, त्यातही पहिले 2 महिने 4 औषधं. झपाट्याने वाढणारे जंतू पहिल्या काही आठवड्यांतच मरतात. खोकला कमी होतो, भूक लागते, वजन वाढतं. हाच गोळ्या बंद करण्याचा मुहूर्त! सुस्तावून पडलेले जंतू मागे असतात, त्यांना मारायलाच उरलेले महिने हवे असतात. अगदीच बंद करवत नसतील तर निवडून घ्या. रिफाम्पिसिनने लघवी नारिंगी होते, ती गोळी आधी वगळा. कोट्यवधी जंतूंत एखादा एका औषधाला जन्मतःच दाद देत नाही. त्याला दुसरं औषध गाठतं, म्हणून तर ती एकत्र देतात. तुम्ही जोडी फोडलीत की मैदान त्याचंच. पुढचे उपचार अधिक लांबलचक, अधिक त्रासाचे. आणि तोवर खोकल्यातून हाच निगरगट्ट वाण घरच्यांनाही मिळतो.

अर्धवट सोडलेल्या कोर्सची अँटिबायोटिक्स टाकू नका. सर्दीच्या विषाणूवर ती चालत नाहीत. आतड्यातल्या निरुपद्रवी जिवाणूंवर मात्र नेमकी चालतात. पुढच्या सर्दीला दोन घ्या. शेजारी शिंकत असेल तर दोन त्यालाही द्या.