मीटर हलतंय, पण आवाज नाही

घरच्या घरी गाणं रेकॉर्ड करायला फार काही लागत नाही, असं सांगणारा भेटला तर आधी विचारावं, ‘तुमचा आवाज सध्या कुठल्या चॅनेलवर आहे?’ माइक, त्याचा आवाज लॅपटॉपला कळेल असा करून देणारी इंटरफेस नावाची डबी, लॅपटॉप, त्यातलं सॉफ्टवेअर आणि हेडफोन. संपली यादी. पण यातली प्रत्येक वस्तू दुसरीच्या भरवशावर, आणि भरवसा एकीचाही नाही.

माझी आत्या भजनी मंडळात गाते. सूर पेटीवरची काळी एक, आवाज खणखणीत. तिचे चार अभंग नीट रेकॉर्ड करायचे ठरले. कंडेन्सर माइक कॅनन केबलनं डबीला जोडला, ४८ व्होल्टचं बटण दाबलं, कारण त्याशिवाय हा माइक तोंड उघडत नाही. आत्यानं हॅलो-बिलो न करता थेट ‘पुंडलिक वरदे’ची ललकारी दिली. डबीवरचा दिवा हिरवागार झाला, पडद्यावरचं मीटर उड्या मारायला लागलं, आणि हेडफोन ठार मुका.

आता इथे इनपुट-आउटपुटची नाती लावत बसावं लागतं. एकच गृहस्थ या घरचा जावई आणि त्या घरचा मेहुणा असतो, तसं डबीचं आउटपुट म्हणजेच सॉफ्टवेअरचं इनपुट. तिथून आवाज ट्रॅकमध्ये, ट्रॅकमधून मास्टरला, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र होतात तिथे, मास्टरवरून परत डबीच्या एक-दोन नंबरला. आणि एवढं फिरून आल्यावर डबी विचारणार, हेडफोनवर एक-दोन ऐकवू की तीन-चार? कंपनीतून डबी आली तीच तीन-चार लावून. तिथे कुणी राहतच नव्हतं.

ते बदललं आणि हेडफोनमध्ये दोन आत्या अवतरल्या.

‘अरे, मी समेवर येते आणि ही दुसरी मागून येतेय. कोण आहे ही?’

‘तूच आहेस, आत्या.’

‘मग तिला सांग, गप्प बस.’

आतोबांनी दारातूनच ‘एक पुरे’ असा अभिप्राय दिला. भानगड अशी, की एक आवाज डबीतूनच सरळ कानात येत होता आणि दुसरा लॅपटॉपची वारी करून. या वारीला लागणारा वेळ बफरवर ठरतो, म्हणजे लॅपटॉप आवाजाचे किती बारीक तुकडे (सॅम्पल) एका खेपेत उचलतो त्यावर. बफर १०२४ सॅम्पलचा आणि वेग सेकंदाला ४८,००० असेल, तर जाताना सुमारे २१ मिलिसेकंद, येताना तेवढेच. ऐकायला हे काहीच वाटत नाही, पण तालात गाणाऱ्या बाईचा कान तेवढ्यानं विटतो. बफर ६४ वर आणला तर दुसरी आत्या पहिलीला चिकटली, पण लॅपटॉपला धाप लागून सगळ्या अभंगात चर्रचर्र सुरू झालं. शेवटी सॉफ्टवेअरचं मॉनिटर बटण बंद केलं. दुसरी आत्या गेली. आतोबा चहा करायला गेले.

मग तानपुरा. ब्राउझरमध्ये लावलेला तानपुरा लॅपटॉपच्या स्पीकरमधून झंकारत होता, हेडफोनमध्ये मात्र नाही. स्टाइनबर्ग कंपनीनं १९९७ साली एएसआयओ नावाची सोय काढली, ती विंडोजच्या मिक्सरला वळसा घालून थेट डबीशी बोलते. त्यामुळेच आवाज वेळेत येतो. पण कित्येक डब्यांचे ड्रायव्हर, म्हणजे लॅपटॉपशी त्यांची गाठ घालून देणारी सॉफ्टवेअर, एकदा एएसआयओशी बोलायला लागले की बाकीच्यांना दारात उभं करत नाहीत. तानपुरा बिचारा बाहेर. तो मोबाइलवर लावून वायरनं डबीच्या दुसऱ्या भोकात घातला, तेव्हा कुठे आत्याला सा मिळाला.

पहिला अभंग झाला. झकास. आतोबांनी मध्येच त्याच लॅपटॉपवर नातीचा व्हिडिओ कॉल घेतला, आणि नंतर अभंग वाजवून पाहिला तर आत्या घाईत! सूरही चढलेला. सेकंदाला ४४,१०० सॅम्पलवर घेतलेलं गाणं, आणि कॉलपायी डबी गेली ४८,००० वर. दीड पट्टीला जरा कमी इतका सूर वर. म्हणजे काळी एकची आत्या पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधल्या फटीत जाऊन बसली. ती पट्टी कुठल्याच पेटीवर नाही. हा ४४,१०० चा आकडा डिजिटल आवाज व्हिडिओ टेपवर साठवायचे त्या काळातला. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली ती तोच घेऊन. व्हिडिओवाले मात्र ४८,००० धरून बसले. त्यांनी तेव्हाच बसून मिटवलं असतं तर आमची संध्याकाळ वाचली असती.

डबी खाली आणली. आत्यानं डोळे मिटून पूर्ण अभंग ऐकला. एकच आवाज, वेळेवर, काळी एकमध्ये, मागेपुढे काही नाही. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो.

‘छान आहे,’ ती म्हणाली, ‘पण फार कोरडं वाटतं रे. देवळात कसा मागून आवाज येतो, तसा थोडा इको टाक की.’

त्याला वेगळा ऑक्स ट्रॅक करावा लागतो, त्याच्यावर रिव्हर्ब बसवायचा, अभंगाच्या ट्रॅकवरून तिकडे सेंड द्यायचा आणि त्याचं आउटपुट पुन्हा मास्टरला, असं मी समजावून सांगितलं.

‘होऊ दे तुझं सावकाश,’ म्हणून आत्यानं मेथीची जुडी पुढ्यात ओढली.